आगीला दिसू नये म्हणून

फाल्गुनात गल्लीच्या टोकाचं घर सिलिंडरच्या भडक्यात गेलं, तेव्हापासून पोंभुर्ण्याच्या उर्वशीच्या जिवाला थारा नव्हता. आठ वर्षांची आचल आणि पाच वर्षांचा प्रफुल यांच्याकडून ती दर रविवारी घोकून घेई: गॅसचा वास आला की बटनाला हात लावायचा नाही, दार उघडून समोर मनकर्णाआजीच्या आंगणात पळायचं. जळालेल्या घरात काय काय उरलं होतं, तेही सांगे. लेकरांना एवढं भेवाडू नको, असं नवरा दिनेश म्हणायचा. भीती असली म्हणजे लक्षात राहतं, असं तिचं म्हणणं.

वैशाखातल्या एका दुपारी ती शिवलेले ब्लाउज द्यायला गेली. गावात लाइट नव्हती. परतताना गल्लीतच उग्र वास नाकाला झोंबला. घराचं दार सताड उघडं होतं आणि समोरच्या आंगणात आचल एकटीच उभी होती.

"प्रफुल कुठी आहे?"

"मी हात धरला होता माय. त्यानं सोडवून घेतला."

उर्वशी धावली ती उंबऱ्याशी थबकली. लाइट कधीही येणार होती, आणि ती आली की आतला फ्रिज आपोआप सुरू होऊन ठिणगी उडणार होती. हे तिनं मुलांना शिकवलंच नव्हतं. तिलाच सुचलं नव्हतं. ओसरीतल्या मीटरजवळचं मेन बटन तिनं बंद केलं, पदर नाकाशी धरला आणि आत शिरली.

हाकेला ओ येईना. प्रफुल खाटेखाली, भिंतीला चिकटून, डोळे झाकून पडला होता. तिनं त्याला पाय धरून ओढलं, छातीशी घेतलं आणि बाहेर पळाली. ती आंगणात पोचते न पोचते तोच मनकर्णाबाईंचा कूलर घरघरला. तिचं घर मात्र मुकाट राहिलं.

मनकर्णाबाईंच्या मुलानं, लटारूनं, जाऊन सिलिंडर बंद केला. शेगडीची नळी उंदरानं कुरतडली होती.

संध्याकाळी तिनं प्रफुलला जवळ घेऊन विचारलं, "लपला काऊन रे?"

"आगीले मी दिसलो नाई पाह्यजे म्हणून."

त्या रविवारी तिनं जळालेल्या घराचं नावही काढलं नाही. ती स्वतः त्याच्यासोबत खाटेखाली शिरली आणि त्याचा हात धरून बाहेर पळाली. एकदा नाही, दहादा. दमल्यावर त्यानं विचारलं,

"आन तू घरी नसशीन तं?"

"तं ताईचा हात सोडाचा नाई."

त्यानं मान हलवली. खरंच समजून, की आईला बरं वाटावं म्हणून, ते तिला कळेना.