पहिली केस

मास्तरांनी तिला शिकवलेली पहिली गोष्ट आकडेमोड नव्हती, पळणं होती. गल्लीत शिरताना बाहेर पडायची दुसरी वाट बघून ठेवायची. कुणाच्या दारात उभं राहायचं तर पाठ भिंतीला लावून. आणि कुणी वीट उचलली तर तोंड नाही, डोकं झाकायचं; दात पुन्हा बसवता येतात. मास्तरांचा स्वतःचा डावा कान अर्धाच होता. उरलेला कुठल्याशा वस्तीत रोगाची साथ शोधताना फावड्याने गेला होता, आणि नव्या शिकाऊंना ते तो अर्धा कान पदवी दाखवावी तसा दाखवायचे.

"रोग शोधणारा माणूस लोकांना रोगच वाटतो," ते म्हणायचे. "आणि दोन शब्द ऑफिसातच काढून ठेवून निघायचं. एक 'केस', दुसरा 'पहिला'. हे दोन्ही गल्लीत एकदम तोंडातून निघाले तर मी तुम्हाला ओळखत नाही."

चौकशीबाईला हे तोंडपाठ होतं. चौकशीबाई हे तिला गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं नाव. डॉक्टरकी पास होऊन दवाखाना थाटायचा सोडून ती शहराच्या आरोग्य खात्यात साथींचं मूळ शोधायला शिकायला आली, याचं दुःख तिच्या आईच्या मनातून अजून गेलं नव्हतं. "एवढं शिकून लोकांचे जुलाब मोजते," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

ऑफिसामागच्या गल्लीत जुलाब-उलट्यांची साथ लागली तेव्हा ती पहिल्यांदाच एकटी बाहेर पडली. मास्तर मुख्य कचेरीत भांडत बसले होते. नळाच्या पाण्यात कुठेतरी गटार मिसळतंय हे शेंबडं पोरही सांगेल, पण नेमकं कुठे ते कळल्याशिवाय रस्ता खणायला कुणी हात लावेना. म्हणून सगळ्यांत आधी कोण आजारी पडलं ते हवं होतं. त्याच्या दाराशी पाइप फुटलेला असण्याचा संभव जास्त. इतकं साधं काम.

दवाखान्यात विचारलं तर सगळ्यांत आधी दाखल झाला होता बर्फवाला. झालं, हिला वाटलं गड जिंकला. दवाखान्यात आधी येणारा वेगळा आणि आजारी आधी पडणारा वेगळा, हे या धंद्यातलं पहिलं बाळकडू. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. पण त्याच सकाळी गल्लीतल्या वेल्डरची एकुलती एक पोर गेली होती, नळावर बाया पदराने डोळे पुसत उभ्या होत्या, आणि त्यांतल्या एकीने विचारलं, "बाई, लागलं का काही हाताला? का नुसत्याच हिंडताय?"

ते 'नुसत्याच हिंडताय' तिला झोंबलं.

"लागलंय," ती म्हणाली. "पहिली केस बर्फवाल्याची आहे. आता धागा सापडेल."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. दोन्ही शब्द, एका दमात, भर नळावर.

लोकांना केस एकच ठाऊक, पोलिसांची. 'बर्फवाल्याची केस' नळावरून दुकानापर्यंत गेली तोवर तिची 'बर्फवाल्यावर केस' झाली, आणि केस म्हटल्यावर गुन्हा हवा, तोही दुकानातून कोपऱ्यापर्यंत तयार झाला. बर्फ गटाराच्या पाण्याचा करतो. नाही, त्याहून वाईट. मढ्याखाली ठेवलेला बर्फ परत आणून विकतो. कुणी पाहिलं? सगळ्यांनीच पाहिलं होतं. शहाण्याला शब्दाचा मार पुरे म्हणतात. इथे शब्द निघाला शहाणीच्या तोंडून आणि मार बसायचा होता बर्फवाल्याला.

तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुपारी ती बर्फवाल्याच्या खोलीत बसली होती, नमुन्यांच्या बाटल्यांचा थंड डबा मांडीशी घेऊन. खोलीत गोणपाटाखाली बर्फाच्या लादीचा उरलेला तुकडा होता, भुशाचा ओला वास होता, भिंतीला बर्फाची करवत टांगलेली होती. त्या दिवशीच घरी सोडलेला बर्फवाला चटईवर पडून होता आणि त्याची बायको त्याला चमच्याने मीठसाखरेचं पाणी पाजत होती.

"जगाला गार करणारा माणूस मी," तो म्हणाला, "आणि बघा बाई, माझंच पाणी झालं."

तिने हसून विचारलं, "तुमच्या आधी गल्लीत कुणाला त्रास झालेला का?"

"वेल्डरदादाच्या पोरीला," बायको पटकन म्हणाली. "हे पडले त्याच्या आदल्या दिवशी. मीच बर्फ नेऊन दिला कपाळावर ठेवायला. सारखी ओकत होती लेकरू. दादांना म्हटलं दवाखान्यात न्या. ते म्हणाले, हातातलं काम संपवतो, उतरेल तोवर. मला सख्ख्या भावासारखे ते, जास्त बोलता येईना. यांना झालं तेव्हा मात्र मी थांबले नाही, हातगाडीवर घातलं आणि नेलं."

बर्फवाला पहिला नव्हताच. त्याची बायको धीट, म्हणून तो लवकर पोचला, एवढंच. चौकशीबाई उठून उभी राहते न राहते तोच बाहेर काहीतरी मोडल्याचा आवाज झाला.

हातगाडी होती. चाकं उपसून ती उलथवली होती, आणि एकाने तिचाच दांडा उपटून दारावर घातला. दार पत्र्याचं, दुसऱ्या दणक्याला आत आलं. त्यामागून माणसं आली. रोज ज्यांच्याशी बर्फवाल्याची चेष्टामस्करी चालायची तीच माणसं, पण चेहरे ओळखू येत नव्हते. लादी फुटली, मडकी फुटली. एकाने करवत काढून बर्फवाल्याच्या पाठीवर आडवी मारली. पात्याची बाजू वळली असती तर तिथेच संपलं असतं. दोघांनी त्याला पायांना धरून ओढत बाहेर नेलं, उंबऱ्यावर त्याचं डोकं आपटलं, आणि तो बिचारा काय ओरडला, तर "अरे, काय झालं ते तरी सांगा!" सांगायला कुणाला वेळ होता?

बाहेर वेल्डर उभा होता, हातात लोखंडी सळई घेऊन. सकाळी पोरीला पोचवून आलेला माणूस. त्याने शिवी दिली नाही, काही विचारलं नाही. सळई डोक्यावर नेली आणि बर्फवाल्याच्या गुडघ्यावर उतरवली. हाड मोडल्याचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू गेला असेल. बर्फवाल्याची किंकाळीही निघाली नाही, नुसतं तोंड उघडलं. जमाव मात्र ओरडला, आनंदाने ओरडला, आणि सळई पुन्हा वर गेली. या वेळी रोख त्याच्या डोक्यावर होता.

मास्तरांनी शिकवलेली दुसरी वाट मागच्या बोळातून होती. चौकशीबाईने ती बघून ठेवलेली होती. ती त्या वाटेने गेली नाही. ती बर्फवाल्याच्या अंगावर आडवी पडली.

"तो पहिला नाही!" ती ओरडली. "ऐका, मी चुकले! पाइप फुटलाय, पाण्यात गटार मिसळतंय!"

पाइप कुणाला हवा होता? पाइपाला मारून रक्त निघत नाही.

"तो नाही, तर मग कोण?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. आणि सगळे थांबले, कारण उत्तर सगळ्यांनाच हवं होतं.

तिने वर पाहिलं. वेल्डर तिच्याकडेच बघत होता, आणि त्याच्या नजरेत तिला दिसलं की त्याला ठाऊक आहे. त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणूनच सगळ्यांच्या आधी सळई त्याने उचलली होती.

बर्फवाल्याची बायको तिच्या शेजारी गुडघ्यांवर कोसळली होती. तिनेही वेल्डरकडे पाहिलं आणि दातओठ खात म्हणाली, "मी सांगते कोण! तुझीच..."

चौकशीबाईने तिच्या तोंडावर हात दाबला. बायको कडकडून चावली, तळव्यात दात रुतले, तरी तिने हात काढला नाही. ते वाक्य पुरं झालं असतं तर या लोकांनी काय केलं असतं ते तिला दिसत होतं. वेल्डरच्या घरात अजून त्याची बायको होती, मेलेल्या पोरीचे कपडे कवटाळून बसलेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, आणि इथे तर चोर कुणी नव्हताच, नुसती फाशी तयार होती.

"मी," चौकशीबाई म्हणाली.

"काय मी?"

"मी आणला रोग. दारोदार हिंडते ना मी? या डब्यात घाण आहे, आजाऱ्यांची. बघा, हवं तर उघडून बघा."

यावर मात्र सगळ्यांचा तत्काळ विश्वास बसला. इतके दिवस ही बाई लोकांची घाण बाटल्यांत भरून नेते, उगाच नेते का? पहिली लाथ डब्याला बसली आणि बाटल्या रस्त्यावर फुटल्या. दुसरी तिच्या बरगडीत. मग तिने मोजणं सोडलं. कुणीतरी केस धरून तिला बर्फवाल्यावरून ओढून काढलं. वीट आली तेव्हा तिने शिकवल्याप्रमाणे तोंड सोडून डोकं झाकलं. वीट जबड्यावर बसली, आणि तोंडात दातांचे तुकडे खड्यांसारखे फिरायला लागले. बर्फवाल्याला सगळे विसरले होते. त्याच्या बायकोने त्याला काखेत धरून फरफटत आत घेतलं, एवढं तिला एका डोळ्याने दिसलं, आणि तिला आतल्या आत बरं वाटलं.

मग वेल्डर पुढे आला. बाकीचे त्याच्यासाठी बाजूला झाले, पोर त्याची गेली होती. ती खोटं बोलतेय हे त्या गर्दीत एकट्या त्याला ठाऊक होतं, आणि कुणासाठी बोलतेय तेही. तिला वाटलं आता तो सळई टाकेल. माणूस आहे, टाकेल.

त्याने मारली. सगळे बघत होते, म्हणून मारली. डोक्यावर धरलेला तिचा उजवा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला.

खात्याची गाडी घेऊन मास्तर पोचले तेव्हा गल्ली मोकळी झाली होती. तिला उचलताना ती काहीतरी पुटपुटत होती. त्यांनी आपला चांगला कान तिच्या तोंडाशी नेला.

"वेल्डरच्या दारात खणा," ती म्हणाली. हे गाडीत म्हणाली, गल्लीत नाही.

मास्तर मुख्य कचेरीत फार काही बोलले नाहीत. तिचे रक्ताने माखलेले कपडे त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवले, तेव्हा खणायची माणसं मिळाली. वेल्डरच्या दाराशी हातभर खाली पाइपाला चीर होती, आणि वरच्या गटारातून तिच्यात थेंब थेंब पडत होता. गल्लीने खड्ड्याभोवती उभं राहून तो पाइप पाहिला. त्याला कुणी एक लाथसुद्धा मारली नाही.

तिचा जबडा तारांनी बांधला, हात प्लास्टरात गेला. पोलीस आले तेव्हा तिने नुसती मान हलवली, कुणी मारलं ते दिसलं नाही म्हणून. आई उशाशी बसून रडायची आणि मधूनच म्हणायची, "आता तरी दवाखाना टाक गं." बर्फवाला खालच्या वॉर्डात होता. गुडघा परत वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मग एका सकाळी वेल्डर आला. रिकाम्या हातांनी. मास्तर खुर्चीवरून उठले आणि दारात आडवे उभे राहिले. तिने डाव्या हाताने खूण केली, येऊ द्या.

तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. प्लास्टरकडे बघून त्याने मान खाली घातली.

"त्याच्याकडे जाऊन आलो," तो म्हणाला. "त्याने तोंड फिरवलं. वहिनी थुंकली अंगावर. बरोबर केलं तिने." मग त्याने खाटेचा दांडा धरला. "बाई, माझी पोर आधी पडली. त्याच्या आदल्या दिवशी. वहिनी सांगत होती, दवाखान्यात न्या, दवाखान्यात न्या. मी काम संपवत बसलो. तुम्हाला ठाऊक होतं ना?"

तिने होकाराची मान हलवली. तिला त्याचा राग येत होता, इतका की तारांआड दात आवळले गेले आणि जबड्यातून कळ गेली. त्याची दयाही येत होती, आणि त्या दयेचाही राग येत होता.

"बर्फवाल्याचं नाव खोडा," तो म्हणाला. "पहिली केस माझ्या पोरीची लिहा. आणि दुसरी माझ्यावर करा."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. तिला खालच्या वॉर्डातला, पुन्हा न वाकणारा गुडघा दिसत होता.

"करा," ती तारांमधून म्हणाली. "दोन्ही."

मास्तर फोन करून पोलिसांना बोलावून आले. मग खुर्ची ओढून बसले, खिशातून पेन काढलं आणि सवयीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला.

"मुलीचं वय?"

वेल्डरने उजवा हात जमिनीपासून वर नेला, आपल्या गुडघ्याच्या जरा वरपर्यंत, आणि तळवा आडवा करून तिथेच थांबवला. पोलीस येईपर्यंत त्याने तो हात खाली घेतला नाही.