पिवळ्या कॅनमधलं पाणी

रुखमाने तोंडात घेतलेलं पाणी गिळलंच नाही. अंगणाच्या कडेला जाऊन तिने ते थुंकून टाकलं, पदराने जीभ पुसली, तरी घशाशी आलेली मळमळ जाईना.

"काऊन थुकली?" लहानूने विचारलं. वडशाच्या बाजारातून सायकलच्या कॅरिअरला बांधून त्याने तो पिवळा प्लास्टिकचा कॅन आणला होता. बायकोने पहिल्याच घोटाला असं तोंड वाकडं करावं, हे त्याला लागलं.

"वास येते."

"कायचा?"

ते रुखमाला सांगता येईना. रॉकेलचा नव्हता, जळक्या टायरचाही नव्हता. गुळमट, चिकट, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा काहीतरी घाणेरडा वास होता. कॅनवरचा कागद खरवडलेला होता, आणि आधी आत काय होतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

"राखेनं धुतला नं मी," लहानू म्हणाला. "नव्या वस्तूले राह्यतेच वास."

त्याचंही चूक नव्हतं. रुखमाला दिवस गेले होते आणि विहीर होती तळ्याच्या पार पलीकडे. भरली पितळी घागर डोक्यावर घेऊन ती बांधावरून यायची तेव्हा लहानू हातातलं काम टाकून सामोरा जायचा. कॅन म्हणजे हलका पिसासारखा, पडला तरी फुटायचा नाही. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा होऊन दोन वर्षं झाली होती, पण या गावात नवं म्हणून काही आलं असेल तर हा कॅन. बाया येऊन तो एका बोटावर उचलून पाहत आणि हसत.

तंटा सोडवला तो सासूने, बायनाबाईने.

"तुंब्याचा कडूपणा जाते, तं याचा वास काऊन नाई जाणार?"

बायनाबाईच्या शब्दाला या बाबतीत वजन होतं. कडू भोपळा वाळवून, बिया काढून, त्यात आंबट आंबील भरून ठेवायची. आंबील कडूपणा ओढून घेते, आणि मग त्या तुंब्यातलं पाणी शेतावर दिवसभर गार राहतं. सगळ्या गावाचे तुंबे ती असे माणसात आणून द्यायची. तिने कॅनही तसाच हाती घेतला. कढत आंबील त्यात ओतली, बूच घट्ट लावलं आणि कॅन उन्हात ठेवला. चार दिवसांनी ओतून काढली, पुन्हा भरली. दर खेपेला तळहातावर थेंबभर घेऊन चाटायची आणि मान हलवायची.

"थोडा हाये अजून."

पहिली आंबील गाईपुढे ठेवली. गाईने हुंगली आणि तोंड फिरवलं. त्यानंतरची मात्र वाया जाऊ द्यायची नाही, अन्न आहे, असं म्हणून बायनाबाईने ती घरच्यांच्याच ताटात वाढली. रुखमाला प्रत्येक घासाला शिसारी यायची. आंबटावर तो वास असा चढायचा, की ती मागच्या दारी जाऊन ओकायची, आणि सासू म्हणायची, पोटुशीला असंच होते. रुखमाने मग स्वतःपुरतं एक मडकं वेगळं ठेवलं. त्यावरून घरात टोमणे झाले. नाकापेक्षा मोती जड, म्हणाली सासू.

मुलगी झाली तेव्हा मात्र तिचा इलाज चालेना. बाळंतिणीला कोण वेगळं पाणी आणून देणार? पुढ्यात येई ते ती नाक दाबून पिऊ लागली. मुलीचे दात आले, तिला पेज सुरू झाली. पेजही त्याच पाण्याची.

आणि एका दुपारी रुखमाने कॅनमधलं पाणी प्यायला घेतलं, वासाची वाट पाहिली, तो आलाच नाही. तिने आणखी एक लोटा प्यायला.

"गेला व माय वास," तिने स्वतःहून सासूला सांगितलं. त्या दिवशी बायनाबाईने शेजारणीला दोनदा हाक मारून ही बातमी दिली.

उन्हाळ्यात बुधरी आली. जंगलातल्या गावची ही बाई दरसाल चारोळी घेऊन वडशाला जायची आणि वाटेत रुखमाकडे टेकायची. मागच्या खेपेला चुकली होती, म्हणून कॅन तिने पाहिलेला नव्हता. रुखमाने कौतुकाने लोटा भरून दिला. बुधरीने घोट घेतला आणि तिथल्या तिथे पच्चकन थुंकला.

"काय टाकलं व याच्यात?"

"काई नाई. पयले वास होता. आता गेला."

"कुठी गेला?" बुधरी मनगटाने ओठ घासत म्हणाली.

रुखमाने बूच काढून कॅनच्या तोंडाला नाक लावलं आणि छाती भरून श्वास घेतला. काही नव्हतं. तिने चिमणीजवळ जाऊन हुंगलं. रॉकेलचा वास आला. गोठ्यातल्या शेणाचा आला. पुन्हा कॅनजवळ आली. काहीच नाही. ज्या घाणीने तिचं आतडं पिळवटून निघायचं ती घाण आता तिच्या अंगचीच झाली होती. तिला कॅनची किळस आली नाही. आली ती स्वतःची, आणि अंगभर आली.

ती आत गेली, झोळीतल्या मुलीला उचलून बाहेर आणलं आणि बुधरीच्या मांडीवर ठेवलं.

"हिच्या तोंडाचा वास घेऊन पाय बरं."

बुधरी हसली. मग तिने रुखमाचा चेहरा पाहिला.

"मले नाई समजत आता," रुखमा म्हणाली. "तुले समजन."

मुलीच्या ओठांना सकाळची पेज वाळून चिकटली होती. बुधरीने तिच्या गालाला बोट लावलं. मुलीने खिदळून तोंड उघडलं. बुधरी वाकली. रुखमा मुलीकडे पाहत नव्हती, बुधरीच्या नाकाकडे पाहत होती.

बुधरीने मान वर केली, ती रुखमाकडे न पाहता. मुलीचं तोंड ती पदराने पुसत राहिली.

"पेज बंद कर," ती हळूच म्हणाली. "दूध येते नं तुले अजून?"

"येते," रुखमा म्हणाली. तिचा हात छातीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. "पण मीबी तेच पाणी पेली."