हातांना न कळलेले कढत पाणी

मित्रांनो, मी एक जुने तसराळे आहे. पांढरे इनॅमल, निळा काठ आणि बुडाशी उडालेला एक टवका. भट्टीतून निघाले तेव्हा कारागिराने मला टिचकी मारली आणि मान डोलावत म्हणाला, "खणखणीत आहे." त्यानंतर माझे कौतुक कोणी फारसे केले नाही, म्हणून ते आधीच सांगून टाकले.

मला विकत घेतले एका इस्त्रीवालीने. मोठ्या लॉन्ड्रीत दिवसभर उभे राहून ती वाफेच्या इस्त्रीखाली चादरी सरकवायची. वर्षानुवर्षे वाफ खाऊन तिचे हात इतके निबर झाले होते की चहाचे पातेले ती फडक्याशिवाय उतरवायची. शेजारणी हसायच्या, तीही हसायची. पाय मात्र हळवे राहिले होते. संध्याकाळी ती माझ्यात ऊन पाणी घ्यायची, आधी पायाचा अंगठा बुडवून बघायची आणि मग पाय सोडून बसायची. तेवढा वेळ तिच्याशी कोणी बोलायचे नाही, असा घराचा नियम होता. तिचा नवरा गवंडी, भारी बडबड्या माणूस. पण तोही लेकीला दटावायचा, "आईचे पाय पाण्यात आहेत. थांब जरा."

तिचे पुष्कळ निर्णय माझ्या साक्षीने झाले. लेकीला शिकवणी लावायची का, लगट करणाऱ्या मुकादमाला काय सुनवायचे, हे तिला तिथे बसल्यावर उमगायचे. दिवसभर ऐकलेली दहा जणांची मते हळूहळू गप्प व्हायची आणि तिचे स्वतःचे मत तिला ऐकू यायचे. मला फार अभिमान वाटायचा.

मग गवंडी इमारतीच्या परांचीवरून पडला. जीव वाचला, पण हातपाय हलेनात आणि वाचाही गेली. स्पर्श मात्र कळायचा. लेकीने तळव्याला गुदगुल्या केल्या की त्याचे डोळे हसायचे.

डॉक्टरांनी सांगितले, "यांना शुश्रूषा केंद्रात ठेवा. एकटीच्या आवाक्यातलं काम नाही हे." सासू म्हणाली, "माझ्या लेकाला परक्यांच्या हाती द्यायचं नाही." दीर म्हणाला, "वहिनी, तुम्ही आहात म्हणून आम्हाला काळजी नाही," आणि चहा पिऊन गेला. ती सगळ्यांना "बघू" म्हणायची. सकाळी नवरा, दिवसभर लॉन्ड्री, रात्री पुन्हा नवरा. तिच्या डोळ्याला डोळा लागेना. मी खाटेखाली पडून होते, घाण कपड्यांनी भरलेले. लेक म्हणायची, "आई, बस ना जरा पाण्यात पाय टाकून."

"मला कुठं आलाय वेळ बसायला?"

एका रविवारी दुपारी तिच्या मनात आले की जे आपल्याला सुख देते ते त्यालाही द्यावे. तिने मला घासूनपुसून घेतले, चुलीवरचे पाणी ओतले, हात घालून बघितले. हाताला ते कोमटच वाटले. नवऱ्याला खुर्चीत टेकवून तिने त्याचे दोन्ही पाय माझ्यात सोडले. त्याचे डोळे विस्फारले आणि घळाघळा वाहू लागले. बिचारीला वाटले, त्याला बरे वाटते आहे. ती मायेने त्याच्या पायांवर पाणी चोळत राहिली. मित्रांनो, मला तोंड असते तर मी किंचाळले असते.

टॉवेल घेऊन आलेल्या लेकीचे बोट पाण्याला लागले. "आई, पाणी कढत आहे गं."

सासू म्हणाली, "जाळलंस माझ्या पोराला." सुनेने त्याचे पाय बाहेर काढले, त्यांवर फोड उठले होते.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. तिने माझ्यात पाणी घेतले, अंगठ्याने बघितले, निवू दिले, पुन्हा बघितले आणि मग बसली. बाहेरून सासू बोलतच होती, "महाराणी बघा, पाय शेकत बसल्यात." लेक दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, आईशी आत्ता बोलायचं नाही." आत आई आधी हमसून रडली. मग बसूनच राहिली. पाणी गार झाले तरी पाय हलले नाहीत.

उठली ती थेट नवऱ्यापाशी गेली. "माझ्या हातांना कळत नाही हो," ती म्हणाली. "आणि मी एवढी दमलेय की बाकीचंही कळेनासं झालंय. ज्यांना कळतं त्यांच्याकडे तुम्हाला नेते. राग आला तरी चालेल." त्याने तिच्याकडे बघितले आणि डोळे मिटले. तो होकार होता की राग, हे तिला शेवटपर्यंत समजले नाही.

केंद्रात त्याची नीट निगा राखली गेली, पण पायांच्या जखमा चिघळल्या आणि काही महिन्यांत तो गेला. नवऱ्याला टाकून मोकळी झाली, असे लोक बोलले. सासू धाकट्याकडे राहायला गेली, ती परत आली नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात सगळ्यांचे सगळे करणारे कोणीतरी असेल. त्या माणसाला आज थोडा वेळ बसवा आणि दाराशी उभे राहा. तो नको म्हणेल, पण ऐकू नका.

ती आता रोज बसते. परवा लेकीने तिला विचारले, "आई, तू तेव्हाच अशी बसली असतीस तर?"

"तर त्यांना तेव्हाच केंद्रात नेलं असतं," ती म्हणाली. "पाय धड असताना."