वाळूतली चांदणी

सभागृहाचं दार उघडायचं दुपारी चारला, पण साडेतीनपासूनच पायऱ्यांवर बसायला जागा नसायची. कोणाचा नवरा गेलेला, कोणाचा भाऊ, कोणाची आई. आत जमिनीपर्यंत कापड सोडलेल्या टेबलावर एक काळा गोल पत्रा, त्यावर मूठभर पांढरी वाळू. नादबाबा डोळे मिटून गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचे, लांबलचक हुंकार भरायचे, की पत्रा गुणगुणायला लागायचा. वाळू तुरुतुरु पळायची आणि घटकाभरात तिची चांदणी व्हायची, नाहीतर कडी, नाहीतर फूल. हात लावणं नाही, फुंकर मारणं नाही. भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची.

"आत्म्याला तोंड नसतं, आकृती असते," बाबा सांगायचे. "विज्ञान आवाज ऐकतं. मी आवाजाचा चेहरा बघतो." याचा अर्थ काय, हे विचारायला कोणी धजत नसे, आणि बाबांचं सगळं दुकान त्यावरच चालत असे.

पहिल्या रांगेत सूरकाका आणि त्यांची बायको बसायची. सूरकाका वाद्यं दुरुस्त करायचे, म्हणून हे नाव. त्यांची एकुलती एक मुलगी कॉलेजात विज्ञान शिकत होती. गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. पहिल्याच दिवशी बाबांनी तिचं नाव घेतलं आणि वाळूत आठ टोकांची चांदणी उमटली. काकू उठून उभ्या राहिल्या. अगदी हीच चांदणी मुलीच्या वहीच्या पहिल्या पानावर तिनं स्वतः काढलेली होती. ती वही घराबाहेर कोणाच्या दृष्टीसही पडली नव्हती. मग बाबांना कळलं कसं?

खरं सांगायचं तर सूरकाकांच्याही अंगावर काटा आला होता. पुढचे तीन आठवडे तेही निमूटपणे येत राहिले. लेक आठवड्यातून एकदा भेटते म्हटल्यावर कोणता बाप शंका काढत बसेल?

पण मग बाबांनी निरोप दिला. म्हणाले, मुलगी सांगतेय, आईला माझं बोलणं ऐकू येत नाही, गोळ्यांनी तिचे कान बंद झालेत. गोळ्या काकूंच्या हृदयाच्या होत्या. काकूंनी त्याच संध्याकाळी त्या कपाटात बंद करून ठेवल्या. चार दिवसांत त्यांना जिना चढवेना. पाय सुजले. डॉक्टरांनी बजावलं, काका हातापाया पडले, पण काकूंचं एकच पालुपद, तिनं सांगितलंय.

त्या आठवड्यात सूरकाका बाप म्हणून नाही, कारागीर म्हणून सभागृहात बसले. डोळे मिटून घेतले आणि नुसता कान दिला. बाबांचा हुंकार कधी वर जायचा, कधी खाली, खोकलाही यायचा. पत्र्याचा सूर मात्र तसूभर हलत नव्हता. आणि शेजारच्या सुताराचा बाप म्हणून जी चांदणी आली, तिचा सूर नेमका तोच होता, जो त्यांच्या लेकीचा म्हणून लागत होता. दोन वेगळी माणसं, सूर मात्र एकच.

घरी येऊन त्यांनी वर्षभर हात न लावलेली ती वही उघडली. चांदणीच्या मागच्या पानावर लेकीचं बारीक अक्षर होतं. 'ही इतकी सुंदर दिसली की तासभर नुसती बघत बसले. मग डोळे मिटून कल्पना केली, की मीच वाळूचा कण आहे. पत्रा मला उडवतोय, परत उडवतोय, मला कुठंतरी टेकायचंय. तेव्हा लक्षात आलं. या रेघांवर पत्रा हलतच नाही. जिथं थरथर नाही तिथं वाळू जाऊन बसते.' काका पान भिजू नये म्हणून वही लांब धरून रडले.

पुढच्या वेळी ते पिशवी घेऊनच गेले. बाबांनी लेकीचं नाव घेतलं, चांदणी उमटली, काकूंनी हात जोडले. काका उठले. मध्यावर दांडीला बसवलेली पितळेची चकती त्यांनी पिशवीतून काढून डाव्या हातात धरली, वर वाळू पसरली, काठाला बोट टेकवलं आणि व्हायोलिनचा गज काठावर वरून खाली ओढला. एक तीक्ष्ण सूर निघाला. तीच चांदणी.

"तुमच्यात कोणाचा आत्मा आला?" मागून सुतारानं विचारलं.

"कोणाचाच नाही," काका म्हणाले. "पत्रा थरथरला, एवढंच." आणि त्यांनी टेबलाचं कापड उचललं. खाली लाउडस्पीकरचा कर्णा होता, आणि बाबांच्या पायाशी एक बटण, फिरवू तसा सूर बदलणारं. बटणावर पाच खुणा होत्या. गावभरच्या मेलेल्यांना मिळून पाच आकृत्या. बाबा काहीतरी ब्रह्मांडाबद्दल बोलू लागले, पण त्यांचा पाय बटणावरच राहिला होता आणि पत्रा मध्येच भलताच किंचाळला. लोक हसले नाहीत. बरेच जण रडत होते.

काकूंनी एवढंच विचारलं, "म्हणजे ती येत नव्हती?"

"नाही गं."

घरी येऊन काकूंनी गोळी घेतली. पाण्याचा पेला खाली ठेवून काकांनी पुढं केलेलं वहीचं ते पान वाचलं. मग म्हणाल्या, "हा प्रयोग तिनं कुठं केला होता?"

"माझ्या दुकानात."

"तुम्ही नव्हता?"

काकांना खोटं बोलता आलं असतं. "होतो. ‘बघायला या ना,’ म्हणून तिनं मला तीनदा हाक मारली. मी हातातलं काम सोडलं नाही. उलट गजाचे केस खराब होतील म्हणून ओरडलो."

"तेव्हा उठला असतात," काकू शांतपणे म्हणाल्या, "तर पहिल्याच दिवशी ओळखलं असतंत. मला ती दुसऱ्यांदा गमवावी लागली नसती."

 नादबाबा आता दुसऱ्या गावी असतील, टेबलाला नवं कापड लावून. तिथं कोणी जाणार असेल तर त्यानं वाकून खाली बघावं. सुंदर गोष्ट दिसली की मन भरून येतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्या पोरीचंही आलंच होतं. पण ती तिथं थांबली नाही. हे असं का, हे तिनं विचारलं, आणि उत्तर सापडल्यावर ती चांदणी तिला आणखी सुंदर दिसली असणार. आपल्याला ते कधीच कळणार नाही, कारण ते सांगायला तिनं ज्याला हाक मारली होती, तो कामात होता.