साहेब घरात होता तेव्हा

गुडघ्याच्या ऑपरेशनआधी डॉक्टरीणबाई माझी माहिती लिहून घेत होत्या. यापूर्वी कुठलं ऑपरेशन झालंय का, असं त्यांनी विचारलं.

"झालंय की. अपेंडिक्सचं."

"कधी?"

मी जरा आठवून पाहिलं. "साहेब घरात होता तेव्हा."

"कोण साहेब?"

"कुत्रा," मी म्हणाले.

शेजारी बसलेल्या लेकीनं कपाळावर हात मारला. "अगं आई, त्यांना साल हवंय!" मग तिनंच बोटांवर मोजून साल सांगितलं आणि फॉर्म पुढे सरकला.

सालं माझ्या डोक्यात टिकत नाहीत, पहिल्यापासूनच. कुठली गोष्ट कुठल्या कुत्र्याच्या वेळची, ते मात्र झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. ऑपरेशननंतर चार दिवस पाय उशीवर टाकून पडून होते. करायला काही नव्हतं. तेव्हा एकेक करून ती सगळी मंडळी मनात येऊन गेली.

पहिला खिळा. वडिलांचं सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करायचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे आमच्या दोन खोल्या. कापड ठोकताना वडील बारीक खिळे ओठांत धरायचे आणि एकेक काढून हातोडीखाली द्यायचे. पिल्लू दुकानात आलं त्याच आठवड्यात त्यानं खाली पडलेला एक खिळा गिळला. आईचा जीव खालीवर. वडिलांनी शांतपणे दुधात ब्रेड कुस्करला, खिळ्याभोवती गुंडाळला जावा म्हणून त्यात थोडा कापूस घातला आणि पिल्लाला भरवला. तिसऱ्या दिवशी खिळा सुखरूप बाहेर आला. वडिलांनी तो धुतला, पुसला आणि एका गिऱ्हाइकाच्या खुर्चीला ठोकला. कुठल्या गिऱ्हाइकाच्या, ते त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. पिल्लाचं नाव मात्र खिळा पडलं.

माझं सगळं शिकणं खिळ्याच्या वेळचं. वाकड्या सुईनं शिवायला, स्प्रिंगा सुतळीनं बांधायला, जुन्या सोफ्याचं पोट उघडताना नाकाला फडकं लावायला शिकले. दादाला या कामाची किळस होती, तो हपिसात चिकटला. खिळा गेला तेव्हा मी विशीत होते. नवीन पिल्लू आणू या म्हटलं, तर वडील म्हणाले, "आता मी नाही आणत. पुढचं तू बघ." मला वाटलं, ते कुत्र्याबद्दल बोलतायत. पुढच्या वर्षी ते गेले आणि दुकान माझ्या गळ्यात आलं.

साहेब आणि नवरा मला एकदमच मिळाले. नवरा फोमच्या कंपनीत विक्रेता होता, नमुने घेऊन दुकानात यायचा. कुत्रा त्याच्या गाडीत पुढच्या सीटवर ताठ बसून राहायचा, जणू तोच मालक आणि हा ड्रायव्हर. साहेब हे नाव मीच ठेवलं. त्या नावावरून आम्ही हसलो आणि मग हसतच राहिलो. लग्न झालं, लेक झाली, अपेंडिक्स निघालं. महिन्यातले पंधरा दिवस नवरा फिरतीवर असायचा, तेव्हा मात्र कुत्रा घरीच. त्याला सवय होती, जेवताना कुणी बघितलेलं चालायचं नाही. वाडगं खाली ठेवायचं आणि पाठ करून उभं राहायचं. बघत बसलात, तर चार दिवस उपाशी राहील पण तोंड लावणार नाही.

लेक सहा वर्षांची असताना नवरा एका दुपारी दुकानात आला. मी खुर्चीला कापड ठोकत होते. तो म्हणाला, "तिकडे माझं एक घर आहे. दीड वर्ष झालं." तोंडात खिळे होते, त्यामुळे मला काही बोलता आलं नाही. मी ओळ पूर्ण केली. शेवटचा खिळा ठोकून वर बघितलं, तर तो बॅग भरायला आत गेला होता.

दोन महिन्यांनी परत आला, उरलेले कपडे आणि कुत्रा न्यायला.

"कुत्रा माझा आहे," तो म्हणाला. खरंच होतं ते.

"येत असेल तर ने," मी म्हणाले. माझी खात्री होती, साहेब जागचा हलणार नाही. वर्षातले सहा महिने माझ्या पायाशी झोपणारा कुत्रा तो! नवऱ्यानं गाडीचं दार उघडलं मात्र, साहेबानं उडी मारली आणि पुढच्या सीटवर ताठ बसला. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. लेकीनं पायरीवर बसून भोकाड पसरलं. नवरा गेला तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. कुत्रा गेला त्या दिवशी दुकान बंद ठेवावं लागलं.

तीन आठवड्यांनी फोन आला. बाईचा आवाज.

"ताई, साहेब काही खात नाहीये हो. हे फिरतीवर आहेत. मला काही सुचत नाही म्हणून..."

ती कोण, ते विचारायची गरज नव्हती. साहेबाला काय झालंय, तेही मला तिथल्या तिथे कळलं. दोन वाक्यांत फोनवर सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. "येते," म्हणाले, लेकीला वहिनीकडे सोडलं आणि चार तासांची बस पकडली.

तिचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. आत शिरल्या शिरल्या माझी नजर सोफ्यावर गेली. शिवण तिरकी, कोपऱ्यात कापडाला चुण्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? बाई माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. डोळे सुजलेले. जमिनीवर पाच वाडगी मांडलेली, दूध, ब्रेड, उकडलेलं अंडं, काय काय. आणि साहेब भिंतीकडे तोंड करून पडलेला. फासळ्या दिसत होत्या. मला बघून त्यानं शेपटी दोनदा आपटली, एवढंच.

"मी सारखी इथंच बसून असते त्याच्याजवळ," ती म्हणाली. "रात्रंदिवस बघते, एक घास तरी खातोय का."

"तेच चुकतंय. उठा. तिकडे तोंड करा."

आम्ही दोघी खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिलो. खाली रस्त्यात एक माणूस सायकलची चेन बसवत होता. थोड्या वेळानं मागून लपालप आवाज यायला लागला. ती वळायला गेली, मी तिचा दंड धरला. पाचही वाडगी रिकामी होईपर्यंत आम्ही तशाच उभ्या होतो.

"यांनी मला सांगितलंच नाही," ती म्हणाली.

"त्याला तरी कुठं माहीत असणार? खायला मी घालायचे."

ती हसली आणि लगेच रडायला लागली. मग चहा केला तिनं. महिन्यातले किती दिवस तो घरी असतो, असं मी विचारलं. "पंधरा," ती म्हणाली.

निघताना तीच म्हणाली, "ताई, न्या त्याला. तुमची मुलगी लहान आहे."

"आणि त्यानं विचारलं तर?"

"पळून गेला म्हणून सांगेन. त्यांना लगेच पटेल."

बसवाल्यानं कुत्रा घ्यायला साफ नकार दिला. शेवटी एका टेम्पोवाल्यानं आम्हा दोघांना मागं पोत्यांमध्ये बसवून आणलं. साहेब पुढं पाच वर्षं जगला. नवऱ्यानं त्याची चौकशी कधीच केली नाही. ती बाई तीन वर्षांनी त्याला सोडून माहेरी गेली. अधूनमधून फोन करते अजून. आधी कुत्र्याचं विचारायची, आता लेकीचं विचारते.

मग चिंधी. कारखान्यातून आलेल्या कापडाच्या कात्रणांच्या गठ्ठ्यात सापडली, डोळेही उघडले नव्हते. लेकीनं ड्रॉपरनं दूध पाजून वाढवली. लेकीच्या परीक्षा, तिचे रुसवे, घरातली आदळआपट, सगळं चिंधीच्या वेळचं. लेक नोकरीला दुसऱ्या गावी गेली, तरी चिंधी कितीतरी दिवस संध्याकाळी सहाला दाराशी जाऊन बसायची. मी पण त्या वेळेला काहीतरी काम काढून पुढेच असायचे. चिंधी गेली ती माझ्या टेबलाखाली, झोपेतच. त्यानंतर सात वर्षं घरात कुत्रा नव्हता. त्या सात वर्षांत मी काय केलं, ते विचाराल तर मला सांगता येणार नाही. सोफे केले असणार.

हॉस्पिटलातून घरी आले त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरचे गणिताचे मास्तर वारले. त्यांच्या कुत्र्याचं नाव हातचा. बेरजेत पोरं हातचा विसरतात, हा निदान लक्षात राहील, असं ते म्हणायचे. वय अकरा, एका कानानं बहिरा, सांधे धरलेले. मास्तरांचा मुलगा खोल्या रिकाम्या करायला आला होता.

"याची कुठंतरी सोय करावी लागेल," तो जिन्यात उभा राहून म्हणाला.

मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "आई, मनातसुद्धा आणू नकोस. आधी गुडघा बघ तुझा."

"सोय होईपर्यंत राहू दे," मी म्हणाले. "दोन-चार दिवस."

"आणि त्याला फिरवणार कोण?"

"डॉक्टरांनी मला रोज दहा मिनिटं चालायला सांगितलंय. त्याला फाटकापर्यंत जायला दहा मिनिटंच लागतात."

संध्याकाळी लेकच वर जाऊन त्याचं अंथरूण, वाडगं आणि औषधांची पिशवी घेऊन आली. कुठली गोळी सकाळी, कुठली संध्याकाळी, ते मोठ्या अक्षरात लिहून तिनं फ्रिजवर चिकटवलं. मास्तरांच्या मुलाचा पुन्हा फोन आला तेव्हा तिनंच उचलला आणि सोय झालीय म्हणून सांगितलं.

आठ दिवसांनी ती तिच्या घरी गेली. रोज सकाळी फोन करते.

"त्याच्या गोळ्या दिल्यास?" असं आधी विचारते. मग म्हणते, "आणि तुझ्या?"