मर्रमची परडी

"हात लावशील तर बघ!" हेनी वाळूच्या टेकडीखालूनच ओरडली.

तामातीचा हात पिंगाओच्या पानांवर थबकला. सगळ्या किनाऱ्यावर हा एवढाच ठोंब उरला होता. त्याच्याभोवतीचं मर्रम गवत उपटून तामातीची म्हातारी कंबर मोडली होती, आणि गंमत म्हणजे हे विलायती गवत त्यानंच लावलेलं. वाळू गावात शिरू नये म्हणून सरकारनं सांगितलं, त्यानं नोकरीभर तेच केलं. वाळू थांबली, पण मर्रमच्या दाटीत इथलं मूळचं गवत, पिंगाओही गेला. उन्हात सोन्यासारखी पिवळी होणारी ती पानं विणण्यात त्याच्या बायकोचं, हेनीचं, निम्मं आयुष्य गेलं होतं. ती त्याला कधी एका शब्दानं बोलली नाही. त्याला नेमकं तेच खात असे.

"एका परडीपुरती पानं आहेत," तो म्हणाला. "तुझी बोटं ही अशी वाकडी झालेली. पुढच्या उन्हाळ्यात जमलं नाही म्हणजे?"

"नाही तर नाही! एकटं रोप ते, त्याला ओरबाडायचं? माझ्या आईनं काठीच घेतली असती." मग तिनं उपटलेल्या मर्रमकडे हनुवटी उडवली. "हे तुझं लाडकं उचल. मी सांगते, तू वीण."

"मी? या वयात?"

"लावताना लाज वाटली नाही, आता विणताना वाटतेय?"

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघं रोज बसू लागली. "वरून घे, वरून! बुटाची नाडी बांधतोयस का?" हेनी खेकसायची. खेकसताना तिची आखडलेली बोटं मांडीवर त्याच्याबरोबर हलायची. ते दिसलं की तामातीला भरून यायचं.

परडी झाली. एका बाजूला कललेली, पण झाली.

"घे. तुझी."

हेनीचा चेहरा उतरला. "असं नाही चालत. विणणाऱ्याची पहिली वस्तू घराबाहेर जाते. मी पडले घरातली. शेजारच्या मिरियामाला दे."

"ती कांदे भरेल त्यात! मला तुलाच द्यायचीय." तो अडखळला. "माझ्या गवतानं तुझं काम बुडवलं, हेनी."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो हे बोलला होता. ती टेबलाला धरून उठली, खुंटीवरची शाल तिनं कशीबशी अंगावर ओढली आणि बाहेर जाऊन दार लोटून घेतलं. रागावली, असंच त्याला वाटलं.

तेवढ्यात दारावर धप्प आवाज झाला. बोटांनी ठोठावता येत नसे, म्हणून तिनं कोपर मारलं होतं.

"कुणी आहे का घरात? लांबून आलेय मी."

तामातीनं दार उघडलं. पायरीवर हेनी परक्या बाईसारखी अवघडून उभी होती. त्यानं दोन्ही हातांनी परडी पुढे केली. तिला काठ धरता येईना. मग तिनं दोन्ही हात खालून घालून ती छातीशी घेतली.

"वाकडी आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

पाहुणीला आत ये म्हणायचंही त्याला सुचलं नाही.