इशरतचं अठ्ठ्याण्णव

...राखाडी, अंगठ्याएवढं, दोन्ही कडांना बारीक स्क्रू असलेलं ते कुलूप तिने दिव्याखाली धरलं, तर पिनांवर आज पुन्हा हिरवट काहीतरी चढलेलं — गंजच तो, दुसरं काय असणार. खारा वारा येऊ नये म्हणून छापखान्याचे मालक असलेल्या आप्पांनी या आतल्या खोलीची खिडकी विटा लावून बंद करून घेतली होती, तरी तो कुठून तरी शिरायचाच. इशरतने खणातून खोडरबर काढला आणि एकेक पीन घासायला घेतली. शाळेतल्या मुलीने चुकलेलं गणित पुसावं तशी, मन लावून.

हे कुलूप संगणकाच्या पाठीमागे लावल्याशिवाय छापखान्याचं मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर उघडत नसे. ते सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. कुलूप ओळखायचं फक्त विंडोज अठ्ठ्याण्णवला, आणि अठ्ठ्याण्णवच्या मालकांनी दीडेक वर्षापूर्वी जाहीर केलं होतं की यापुढे याला आमचा आधार नाही, दुरुस्त्या मिळणार नाहीत, बिघडलं तर तुमचं तुम्ही बघा. एक पान लिहिलं आणि मोकळे झाले. इतकं सोपं असतं का मोकळं होणं? इशरतने ती बातमी गाडीतळाजवळच्या सायबर कॅफेत वाचली होती, आणि वाचताना आपल्याला भीती वाटली अशी तिची तेव्हा समजूत झाली. भीती नव्हती ती. बरं वाटलं होतं तिला, अगदी आतून, आणि त्या बरं वाटण्याची लाज तिला पुढे कितीतरी दिवस पुरली.

कारण त्याच पावसाळ्यात सासू गेली होती.

सासू होती तोवर प्रश्नच नव्हता. फारुक कुवेतला, ती मांडवीच्या घरी, आणि मधल्या खोलीत पलंगाला खिळलेली अम्मी. तिची पथ्यं, तिची औषधं, तिचं रात्री-अपरात्री पाणी मागणं. इशरतने ते सगळं मनापासून केलं, त्यात खोट काढायला कुणालाही जागा नव्हती. पण ती गेली, चाळिसावा झाला, आणि त्याच आठवड्यात फारुक फोनवर म्हणाला की आता तुला इथे आणायची खटपट करतो. मोठ्या आनंदाने म्हणाला तो. लग्न झाल्यापासून दर दोन वर्षांनी दोन महिने भेटणाऱ्या नवऱ्याने असं म्हणावं आणि बायकोने काय म्हणावं?... इशरत म्हणाली, आप्पांच्या मशीनचं काय करू? माझ्याशिवाय ते कुणाला चालवता येत नाही.

झालं. शब्द तोंडातून गेला आणि त्याच्यावर ती उभी राहिली. आजवर उभीच आहे.

खोटं नव्हतं ते. यातच तर सगळी मेख होती. छापखान्यात या मशीनला सगळे ‘इशरतचं अठ्ठ्याण्णव’च म्हणत. आंब्याच्या पेट्यांच्या चिठ्ठ्या, राजापूर-लांज्यापर्यंतच्या बागायतदारांच्या, प्रत्येकाचं नाव वेगळं, आंबा वेगळा, रंग वेगळा, सगळ्या त्याच्या पोटात. रजेवर आलेल्या आखाती मुलांच्या लग्नाचे रुक्के, म्हणजे पत्रिका, त्यातच. मुलगा विमानातून उतरतो, आठवड्याभरात मुलगी बघितली जाते, आणि मग सगळं घर आप्पांच्या दारात येऊन बसतं की परवापर्यंत छापून हवं. तिने स्वतःच्या लग्नाचा रुक्का याच पडद्यावर जुळवला होता. नवऱ्या मुलाचं नाव टाइप करताना हात थरथरले होते, असं ती नंतर मैत्रिणींना सांगायची. खरं म्हणजे थरथरले नव्हते. कागदावर नाव मध्यभागी येत नव्हतं एवढंच तिला तेव्हा खटकत होतं.

तर मशीन जगलं पाहिजे. गिऱ्हाइकं फोटो पेन ड्राइव्हवर आणत, त्यातून व्हायरस आत येत, मुंबईचे व्यापारी चिठ्ठीचा नमुना मेलने मागत, नवी यंत्रं जुन्याशी बोलायला तयार नसत. मालकांनी हात काढून घेतला तरी जगात कुठे कुठे हौशी माणसं बसलेली होती. त्यांतला एकजण, कोण, कुठला, बाई की पुरुष, इशरतला ठाऊक नव्हतं, अठ्ठ्याण्णवसाठी आपल्या पदरची मेहनत घालून दुरुस्त्यांचा संच बनवायचा आणि फुकट वाटायचा. ती तो कॅफेत उतरवून घेई, सीडीवर भरून आणी, आधी जुन्या सगळ्या फाइलींची नक्कल काढून ठेवी आणि मग श्वास रोखून नवा संच चढवी. नक्कल काढायची अक्कल ठेच लागून आलेली. गेल्या वर्षी ऐन हंगामात एक संच घाईघाईने चढवला आणि मशीन कुलपाला ओळख दाखवेना. बागायतदार बाहेर बाकावर बसलेले, पेट्या भरून तयार, चिठ्ठ्या नाहीत. आप्पा चहा मागवत राहिले नुसते. त्या दिवशी तिने मशीन पुन्हा उभं केलं तेव्हा आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तिला वाटलं... काय वाटलं? की मी इथली आहे. की मला इथून कुणी उचलू शकत नाही.

त्या हौशी मंडळींच्या चर्चेच्या पानावर पूर्वी वर्दळ असायची. हल्ली एकेकजण निरोप घेत होता: मी नवं घेतलं, तुम्हीही घ्या, कुठवर ओढणार. तिला त्यांचा राग यायचा. गेल्या महिन्यात तिने आपल्या मोडक्या इंग्रजीत पहिल्यांदाच तिथे लिहिलं, की आमचं अजून चालू आहे. कुणी उत्तर दिलं नाही.

पिना स्वच्छ झाल्या. तिने मागे हात घालून, न बघता, कुलूप बसवलं, स्क्रू पिळले. पडदा उजळला. खोलीत पंख्याचा आणि मशीनचा मिळून एकच आवाज भरून राहिला. मैत्रीण उमैमा कुवेतहून आली होती तेव्हा सांगत होती, घर चकचकीत आहे गो, पण दिवसभर एसीचा आवाज, नवरा येईपर्यंत दार उघडायचं काम नाही, खाली उतरून जायचं तरी कुठे. ते ऐकून इशरतने मान हलवली होती, कुणाच्या तरी दुःखाला हलवावी तशी. आणि दुसऱ्या दिवशी या बिनखिडकीच्या खोलीत येऊन बसली होती, आपखुशीने, दार लावून घेऊन. मग तिथली खोली आणि इथली यांत फरक काय? इथली मी निवडली. खरंच निवडली? का दुसरी नको म्हणून ही?

फारुक वाईट असता तर किती सोपं झालं असतं. हात उगारणारा, पिणारा, तिकडे दुसरं घर केलेला. तसली माणसं काय कमी असतात? पण हा भला. फोनवर आधी तिची तब्येत विचारणारा, आवाज न चढवणारा. रजेवर आला की दोन महिने घरात हळू चालायचा, पाहुण्यासारखा, आणि ती त्याच्यासमोर जेवण वाढताना आपण कुणाचं तरी काम नीट करतो आहोत एवढंच तिला जाणवायचं. या गोष्टीला नाव नाही. नाव नसलेली तक्रार कुणाकडे करायची?

दुपारी आप्पा आत आले. एरवी ते दारातूनच हाक मारत. आज खुर्ची ओढून बसले, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस, छापखाना वडिलांचा, खिळे जुळवण्यापासून सगळं हाताने केलेला. काही अवघड बोलायचं असलं की ते चष्मा पुसत.

“फारुकचा फोन आला होता मला,” ते म्हणाले. “म्हणालान, आप्पा, तुमची अडचण मला कळते, पण माझाही संसार आहे. चुकीचं नाही हो काही बोललान.”

इशरतचा हात माउसवर होता. पडद्यावर कुणाच्या तरी बागेचा हापूस अर्धाच रंगवलेला होता.

आप्पा सांगत गेले. त्यांना म्हणे झोप लागली नव्हती. दुसऱ्याची लेक, दुसऱ्याची सून, आपण एका खोक्यापायी बांधून घातली, आणि ती बिचारी भिडेखातर कधी बोलली नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी पुतण्याला, नितेशला, लगेच फोन लावला. पोफळीच्या वीज प्रकल्पाच्या कॉलनीत वाढलेला हा नितेश आता पुण्यात संगणकाचंच काम करतो. जुन्या फाइलींतली अक्षरं नव्या मशीनला वाचता येतील अशी फिरवून घेता येतात, हे त्याने तिथे कुणाकडून तरी खात्रीने विचारून घेतलं होतं.

“रविवारी नवं मशीन घेऊन येतोय तो. सगळी सोय केलीन त्याने. तू सुटलीस गो बाय.”

भिडेखातर! आप्पांच्या नावावर, एवढ्या सरळ माणसाच्या नावावर, ती दर शुक्रवारी फोनवर आपलं ओझं टाकत आली होती, आणि तो बिचारा ते खरं मानून अपराध्यासारखा समोर बसला होता. आता बोल, तिने स्वतःला सांगितलं. आता सांग की आप्पा, तुमचा काही दोष नाही, मीच... पण ‘मीच’च्या पुढे काय? तिला तो शब्द सापडेना. ती म्हणाली, नितेशला खूप त्रास पडला असेल. आप्पा म्हणाले, त्रास कसला त्यात. आणि समाधानाने उठून गेले.

तिने हापूस पुरा केला. छापायला पाठवला. मशीन कुठेही अडलं नाही, नेमकं आजच. अडलं असतं तर... कुलूप काढून पर्समध्ये टाकलं तर? एखादी फाइल पुसली तर? नितेश येईल तेव्हा जुन्यातून नव्यात न्यायला काही उरलेलंच नसेल. विचार आला आणि बोटं खरोखर त्या फाइलीपाशी जाऊन थांबली. ती घाबरली, हे मी करू शकते म्हणून घाबरली. मशीन बंद केलं आणि आप्पांना न सांगता बाहेर पडली.

उन्हं अजून कडक होती. रस्त्यात मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका रिक्षावाल्याशी घासाघीस करत होत्या. आज शुक्रवार. औषधांच्या दुकानापाशी ती पोचली तोच फोन वाजला, आणि ती दुकानाच्या पायरीच्या कडेला, सावलीत, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

फारुकने तब्येत विचारली. जेवलीस का, विचारलं. मग जरा थांबून, सांभाळून म्हणाला, “मशीनचा काय झाला?”

खोटं बोलता आलं असतं. नितेश येणार नाही, अक्षरं फिरत नाहीत, निदान हा हंगाम तरी... तिच्या जिभेवर सगळं तयार होतं, इतक्या महिन्यांचा सराव.

“नवा येताय,” ती म्हणाली. “रविवारी.”

“मग झाला तर.” त्याचा आवाज उजळला. “तिकीट काढू?”

रस्त्यावरून एसटी गेली. ती जाईपर्यंत त्याला वाटलं असेल की आवाजामुळे ही बोलत नाही. गाडी लांब गेली, धूळ बसली. इशरतने मनात चाचपून बघितलं. सासू नव्हती, मशीन नव्हतं, आप्पा नव्हते. पुढे करायला हाताशी काही उरलं नव्हतं.

“मला ठाव नाय,” ती म्हणाली.

“कशाचा? मशीनचा?”

“नाय. माझा.”

त्याच्यामागे कुठेतरी एसीचा आवाज चालू होता, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिला वाटून गेलं की हा माणूसही रोज त्याच आवाजात बसतो, दार लावून, आणि त्याला कुणी विचारलं तर त्यालाही कदाचित सांगता येणार नाही. सुटल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं. उलट, आता या उत्तरातून बाहेर पडायचा रस्ता आपणच शोधायला हवा, हे तिला कळून चुकलं होतं. फोन ठेवावा असं तिला वाटलं, पण तिने ठेवला नाही. त्यानेही ठेवला नाही, आणि ती तशीच भिंतीकडे तोंड करून तो कधी बोलतो त्याची वाट पाहत राहिली.